थ्रॉटल बॉडी घरी साफ करताना: कामाचा क्रम आणि तो कुठे चुकतो

थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा झडपेने कमी-जास्त करणारा भाग) साफ केली आणि गाडी आधीपेक्षा वाईट चालायला लागली, ही तक्रार सारखी ऐकू येते. आयडल (पेडल न दाबता इंजिन फिरण्याचा वेग) १५०० आरपीएमवर अडकलं, चेक इंजिनचा दिवा लागला, गाडी थांबवताना इंजिन बंद पडू लागलं. अशा बहुतेक गाड्यांमध्ये कुठलाही भाग निकामी झालेला नसतो. हवेचा पाइप काढून समोरून स्प्रे मारलेला असतो, झडप बोटाने रेटलेली असते आणि ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) नव्याने शिकायला वेळ दिलेला नसतो. स्प्रे मारणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. आधीची तपासणी आणि नंतरचं री-लर्न (ईसीयूचं ते नव्याने शिकणं) यांनाच जास्त वेळ लागतो, आणि काम जमलं की फसलं हे तिथेच ठरतं.

इथे लिहिलंय ते पेट्रोल गाड्यांसाठी. डिझेल इंजिनात हवेच्या वाटेवर झडप असली तरी तिचं काम वेगळं असतं आणि तिथली काजळी ईजीआरच्या (जळालेला वायू पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेच्या) वाटेशी जोडलेली असते. तिथे ही पद्धत जशीच्या तशी वापरू नका.

## घाण नेमकी कुठे बसते

एअर फिल्टरमधून गाळून आलेली हवा स्वच्छ असते, मग थ्रॉटल बॉडी काळी का होते? कारण घाण बहुतांशी बाहेरून येत नाही, इंजिनातून येते. क्रँककेसमधली (इंजिनाच्या खालच्या, तेल असलेल्या भागातली) तेलाची वाफ पीसीव्ही (ही वाफ बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) आणि ब्रीदरच्या नळ्यांतून पुन्हा हवेच्या वाटेत सोडली जाते. इंजिन बंद केल्यावर मॅनिफोल्डमधली (थ्रॉटलपासून सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या भागातली) गरम वाफही झडपेकडे सरकते आणि तिथेच थिजते. त्यामुळे खरा थर झडपेच्या मागच्या बाजूला, तिच्या कडेला आणि कड जिथे टेकते त्या भिंतीवर कड्यासारखा जमतो. समोरून पाहिलं तर थ्रॉटल बॉडी बरीच स्वच्छ वाटते आणि तिथेच फसगत होते.

आयडलला झडप जवळजवळ बंद असते. इंजिनाला लागणारी हवा तिच्या कडेच्या अगदी बारीक फटीतून जाते. थर वाढला की फट अरुंद होते. ईसीयू ते ओळखतो, झडप किंचित जास्त उघडी ठेवतो आणि हा नवा कोन लक्षात ठेवतो. एका मर्यादेपर्यंत हे निभावतं, त्यापुढे आयडल डळमळू लागतं. तुम्ही थर काढलात की फट एकदम मोठी होते, पण ईसीयू मात्र जुन्याच कोनावर झडप धरून बसतो. सफाईनंतर आयडल वर जातं ते यामुळे.

## पायरी १: दोष थ्रॉटलचाच आहे का, ते ठरवा

घाणेरड्या थ्रॉटलची लक्षणं अशी असतात: गरम इंजिनाचं आयडल वर-खाली होणं, थांबताना आरपीएम खूप खाली येऊन इंजिन बंद पडणं, एसी लावताच इंजिन दबणं, ॲक्सिलरेटर अगदी हलका दाबल्यावर आधी काहीच न होता मग एकदम धक्का बसणं. केबलच्या गाडीत (जिथे पेडल थेट केबलने झडपेला जोडलेलं असतं) पेडल सुरुवातीला चिकटल्यासारखं लागतं.

पण यातली निम्मी लक्षणं फुटलेली व्हॅक्यूम नळी, झिजलेले स्पार्क प्लग, कमकुवत इग्निशन कॉइल किंवा मळलेला एमएएफ सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) यांचीही असतात. म्हणून आधी ओबीडी स्कॅनर (गाडीतले दोषाचे कोड वाचणारं यंत्र) लावा. साधा ब्लूटूथवालाही चालेल.

पी०५०६ म्हणजे आयडल अपेक्षेपेक्षा कमी. घाणेरड्या थ्रॉटलशी हा कोड चांगला जुळतो. पी०५०७, म्हणजे आयडल अपेक्षेपेक्षा जास्त, हा कोड सफाईच्या आधीच दिसत असेल तर कुठून तरी चोरटी हवा आत जात असण्याची शक्यता आधी तपासा. पी०१७१ (मिश्रणात हवेच्या मानाने इंधन कमी) सोबत असेल तर ती शंका आणखी बळावते. पी२१३५ हा झडपेच्या पोझिशन सेन्सरच्या दोन सिग्नलांचा मेळ न बसल्याचा कोड आहे. तो वायरिंग, कनेक्टर किंवा सेन्सरकडे बोट दाखवतो, सफाईने जाणार नाही. पी०३०० मालिकेतले मिसफायरचे (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटल्याचे) कोड असतील तर आधी प्लग आणि कॉइल पाहा.

आता एक नोंद करा. ही बहुतेक जण टाळतात, आणि नंतर काम झालं की नाही हे सांगायला त्यांच्याकडे काहीच उरत नाही. इंजिन पूर्ण गरम करा, एसी, दिवे, पंखा सगळं बंद ठेवा आणि लाइव्ह डेटामधून दोन आकडे लिहून घ्या: आयडल आरपीएम आणि थ्रॉटल पोझिशनची टक्केवारी. बऱ्याच गाड्यांचं गरम आयडल ६५० ते ८५० आरपीएमच्या दरम्यान असतं. टक्केवारीचा पाया प्रत्येक कंपनीचा वेगळा असल्यामुळे दुसऱ्या गाडीच्या आकड्याशी तुलना करून काही हाती लागत नाही. तुलना करायची ती याच गाडीच्या सफाईनंतरच्या आकड्याशी.

तपासा: लक्षणं काहीच नाहीत, आयडल स्थिर आहे, कोड नाहीत? मग काम करू नका. फक्त ठरावीक किलोमीटर झाले म्हणून थ्रॉटल उघडण्याची गरज नसते.

## पायरी २: आधी सगळं समोर मांडा

इंजिन थंड हवं, कोमट नाही. स्प्रे ज्वलनशील असतो, शिवाय अनेक थ्रॉटल बॉडींमधून कूलंटच्या दोन बारीक नळ्या जातात आणि गरम कूलंट दाबाखाली असतं. काम मोकळ्या हवेत करा. बंद गॅरेजमध्ये नको, आणि जवळपास विडी-सिगारेट किंवा हीटर नको.

लागणारं सामान:

- थ्रॉटल बॉडी क्लीनर. डब्यावर सेन्सर आणि कोटिंगसाठी सुरक्षित असल्याचं लिहिलेलं हवं
- न सुटणाऱ्या धाग्यांचं कापड, मायक्रोफायबर असेल तर उत्तम
- मऊ नायलॉनचा ब्रश. जुना टूथब्रश चालतो
- नायट्राइल हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा
- स्क्रू ड्रायव्हर, ८ आणि १० मिमी सॉकेट, रॅचेट. काही गाड्यांना टॉर्क्स किंवा ॲलन बिट
- शक्य असल्यास लहान टॉर्क रेंच
- नवी गॅस्केट किंवा ओ-रिंग
- बोल्ट ठेवायला डबी, आणि फोटो काढायला फोन

स्प्रेच्या बाबतीत तडजोड नको. कार्ब्युरेटर क्लीनर जुन्या, बिनकोटिंगच्या धातूसाठी ठीक होता. आजच्या अनेक थ्रॉटल बॉडींच्या आत झडप टेकते त्या जागी पातळ काळसर कोटिंग असतं, ते तीव्र सॉल्व्हंटने निघू शकतं. ब्रेक क्लीनर तर अजिबात नको, त्याने रबर आणि प्लास्टिक खराब होण्याचा धोका आहे आणि क्लोरीनयुक्त प्रकार तापल्यावर विषारी वायू सोडतो. पेट्रोलने पुसण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. एमएएफ सेन्सरचा क्लीनरही वेगळा असतो. थ्रॉटलचा स्प्रे त्या सेन्सरच्या नाजूक तारेवर मारू नका.

गॅस्केट आधी आणून ठेवा. जुनी सपाट झालेली ओ-रिंग परत बसवली की हवा चोरते, आणि तुम्ही ज्या तक्रारीसाठी काम काढलं तीच तक्रार कायम राहते.

## पायरी ३: वीज तोडा, मग पाइप काढा

इग्निशन बंद करा, चावी गाडीपासून दूर ठेवा. कीलेस गाडीत हे विसरू नका, कारण चावी खिशात असताना दार उघडलं तरी काही यंत्रणा जाग्या होतात. पाच-दहा मिनिटं थांबा आणि मग बॅटरीचा निगेटिव्ह टर्मिनल सोडवा. त्याआधी रेडिओचा कोड लागतो का ते पाहून ठेवा. काचांचं ऑटो अप-डाउनही नंतर पुन्हा सेट करावं लागू शकतं.

एअर फिल्टरच्या डब्यापासून थ्रॉटलपर्यंतचा फोटो काढा. एमएएफ किंवा हवेच्या तापमानाच्या सेन्सरचा कनेक्टर लॉक दाबून सोडवा, वायर धरून ओढू नका. ब्रीदरची नळी काढा, क्लॅम्प सैल करा आणि पाइप हळूहळू फिरवत बाहेर घ्या. जुनं रबर असेल तर घड्यांच्या खाचा उघडून बघा, तिथे चीर असेल तर तुमच्या तक्रारीचं मूळ कदाचित तेच असेल.

टर्बो गाडीत थ्रॉटलच्या आधीची नळी इंटरकूलरकडून येते आणि बऱ्याचदा तारेच्या क्लिपने अडकलेली असते. क्लिप किती बाहेर आली की नळी सुटते ते लक्षात ठेवा. परत बसवताना ती पूर्ण अडकलीय की नाही, यावर दाब टिकणं अवलंबून आहे.

## पायरी ४: थ्रॉटल बॉडी खाली उतरवा

जागेवरच साफ केली तर चालणार नाही का? काही गाड्यांत चालतं, पण माझा आग्रह उतरवण्याचा आहे. घाण मागे असते, मागचं समोरून दिसत नाही, आणि सुटलेला चिकटा व उरलेला स्प्रे थेट मॅनिफोल्डमध्ये उतरतो. उतरवायला बहुतेक गाड्यांत चार बोल्ट सोडवावे लागतात. तेवढ्यासाठी अर्धवट सफाईवर समाधान मानू नये.

थ्रॉटलचा इलेक्ट्रिक कनेक्टर काढा. बोल्ट थोडे थोडे, तिरप्या जोडीने सैल करा. लांबी वेगवेगळी असेल तर कुठला कुठे होता ते टिपा. कूलंटच्या नळ्या असतील तर त्या चिमटून धरा किंवा थ्रॉटल नळ्यांसकट बाजूला वळवता येतो का पाहा. नळ्या काढल्याच तर जेवढं कूलंट सांडलं तेवढं नंतर भरावं लागेल.

केबलच्या गाडीत केबल खाचेतून सोडवा, तिच्या ताणाच्या नटाला मात्र हात लावू नका.

सावधान: मॅनिफोल्डचं उघडं तोंड लगेच मोठ्या, स्वच्छ कापडाने झाका. लहान चिंधी आत सरकू शकते. किती कापडं वापरली ते मोजून ठेवा, शेवटी तितकीच परत हातात आली पाहिजेत.

## पायरी ५: सफाई

सगळ्यांत आधी झडपेबद्दल. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमध्ये झडप मोटर आणि बारीक, बऱ्याचदा प्लास्टिकच्या, गिअरांनी फिरते. झटक्याने फिरवली किंवा टोकापलीकडे दाबली तर दाते दुखावतात आणि मग नवी थ्रॉटल बॉडी घेण्याशिवाय इलाज उरत नाही. काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये झडप हाताने हलवायला स्पष्ट मनाई असते. तुमच्या गाडीचं तसं असेल तर ते पाळा, दोन्ही बाजूंनी कापड फिरवून जेवढं निघेल तेवढं काढा आणि बाकीचं वर्कशॉपवर सोडा. मनाई नसेल तर कनेक्टर सुटलेला असताना, एका बोटाने, सावकाश उघडायची. अडली तर जोर लावायचा नाही.

कनेक्टर जोडलेला आणि इग्निशन चालू असताना झडपेत बोट घालणं हा तर निव्वळ अपघात आहे. मोटर झडप अचानक आणि जोरात बंद करू शकते. आतल्या माणसाला पेडल दाबून धरायला सांगून बाहेरून पुसण्याची पद्धत याच कारणासाठी मला मान्य नाही.

अनेकांना घाबरवणारी एक गोष्ट: कनेक्टर काढल्यावर इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप पूर्ण बंद न होता किंचित उघडी राहते. हा बिघाड नाही. वीज गेली तरी इंजिनाला थोडी हवा मिळावी आणि गाडी हळूहळू सुरक्षित जागी नेता यावी, म्हणून स्प्रिंगची रचनाच तशी केलेली असते.

आता क्रमाने:

१. थ्रॉटल बॉडी अशी धरा की मोटरची आणि सेन्सरची बाजू वर राहील. ओघळ त्या बाजूला जाता कामा नये.

२. स्प्रे कापडावर घ्या, थ्रॉटलवर नाही. आधी भिंतीचा मोकळा भाग पुसा, मग झडपेची पुढची आणि मागची पाठ.

३. झडप हलकेच उघडी धरून तिची कड पूर्ण गोलात पुसा. मग भिंतीवरचं ते काळं कडं, जिथे कड टेकते. सफाईचा सगळा परिणाम याच दोन जागांवरून येतो. वेळ इथे द्या, बाकी भाग चकाचक झाला नाही तरी बिघडत नाही.

४. थर सुटत नसेल तर कापड ओलं करून दोन-तीन मिनिटं त्यावर दाबून धरा, मग मऊ ब्रश. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, स्क्रू ड्रायव्हरचं टोक यातलं काहीही नको. एक ओरखडाही त्या बारीक फटीचं माप बदलतो.

५. झडपेचा दांडा जिथे भिंतीत शिरतो त्या दोन टोकांवर थेट फवारा मारू नका. तिथून स्प्रे बेअरिंगमध्ये आणि पुढे सेन्सरपर्यंत पोहोचतो. ओलसर कापडाने कडेकडेने टिपा.

६. कापड स्वच्छ निघायला लागलं की थांबा. भिंतीवर एकसारखा, गुळगुळीत, कापडाला न लागणारा काळसर पट्टा उरला असेल तर ते कोटिंग आहे. घाण समजून ते घासून काढणारे बरेच आहेत, आणि त्यानंतर त्यांचं आयडल कधीच नीट बसत नाही.

केबलच्या थ्रॉटलवर आयडल एअर कंट्रोल व्हॉल्व्ह वेगळा असतो. त्याची वाट आणि टोक हलकेच पुसा, पण पुढे आलेली सुई दाबू किंवा फिरवू नका. झडपेच्या मर्यादेचा छोटा स्क्रू, ज्यावर अनेकदा रंगाची खूण असते, तो कारखान्यात बसवलेला असतो. आयडल वाढवण्यासाठी तो पिळणं म्हणजे एक दोष लपवून दुसरा तयार करणं.

तपासा: झडप उघडून सोडली की कुठेही न अडखळता परत येते का? उजेडासमोर धरली तर कडेची फट सगळीकडे सारखी दिसते का? एका बाजूला जास्त असेल तर तिथे अजून थर शिल्लक आहे.

पंधरा-वीस मिनिटं पूर्ण वाळू द्या.

## पायरी ६: परत बसवा

मॅनिफोल्डचं तोंड कोरड्या कापडाने पुसा. जुन्या गॅस्केटचे तुकडे चिकटले असतील तर प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. नवी गॅस्केट खाचेत नीट बसलीय ना ते बोटाने फिरवून पाहा. सिलिकॉन सीलंट लावू नका, त्याचा सुटलेला तुकडा इंजिनात जातो.

बोल्ट आधी हाताने लावा, मग तिरप्या जोडीने घट्ट करा. हे बहुधा ६ मिमीचे लहान बोल्ट असतात आणि ॲल्युमिनियममध्ये किंवा प्लास्टिक मॅनिफोल्डमधल्या धातूच्या बुशमध्ये जातात. अनेक गाड्यांत टॉर्क ८ ते १० न्यूटन मीटरच्या आसपास असतो. नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. लांब रॅचेटने जोर लावला की आटे जातात.

मग क्रम उलटा: कूलंटच्या नळ्या, थ्रॉटलचा कनेक्टर, हवेचा पाइप, ब्रीदर, एमएएफचा कनेक्टर, क्लॅम्प. सुरुवातीचा फोटो शेजारी ठेवून एकेक जोड बघा. बॅटरी सगळ्यात शेवटी.

सावधान: एकही कनेक्टर सुटा असताना इग्निशन चालू करू नका. लगेच कोड नोंदला जातो, काही गाड्या मर्यादित शक्तीच्या मोडमध्ये जातात, आणि मग सफाईत काहीतरी मोडलं असा समज होतो.

## पायरी ७: री-लर्न

बॅटरी काढली म्हणजे ईसीयू आपोआप सगळं विसरला, असं धरून चालू नका. काही गाड्यांत थ्रॉटलची शिकलेली मूल्यं बॅटरी काढूनही टिकतात. पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी आहे, म्हणून पहिला आधार तुमच्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल.

ज्यांच्यासाठी खास पद्धत दिलेली नाही, त्यांच्यासाठी सर्वसाधारण क्रम असा. एसी, दिवे, पंखा, काचेचा हीटर बंद. पेडलला पाय न लावता इग्निशन चालू करा, इंजिन नको, आणि अर्धा मिनिट तसंच ठेवा. या वेळात थ्रॉटलमधून बारीक घरघर ऐकू येऊ शकते, ती झडप स्वतःची टोकं तपासत असल्याची. इग्निशन बंद करून पुन्हा तेवढंच थांबा. मग इंजिन सुरू करा. उरलेल्या स्प्रेमुळे पहिले काही सेकंद ते अडखळेल, थोडा धूरही दिसू शकतो. पेडल न दाबता रेडिएटरचा पंखा एकदा फिरेपर्यंत आयडलला चालू द्या. त्यानंतर काही मिनिटं एसी लावून, ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक घट्ट दाबून ड्राइव्हमध्ये टाकूनही, आयडलला ठेवा. लोड आल्यावर किती हवा लागते हे ईसीयूला वेगळं शिकावं लागतं.

होंडाच्या अनेक गाड्यांत लोड न देता ३००० आरपीएम पंखा फिरेपर्यंत धरून, मग सुमारे पाच मिनिटं आयडलला सोडायचं असतं. निसानच्या गाड्यांत तीन टप्पे ठरलेल्या क्रमाने लागतात: पेडल सोडलेल्या स्थितीचं शिक्षण, झडप बंद असल्याच्या स्थितीचं, आणि मग आयडलच्या हवेचं. शेवटच्या टप्प्यासाठी पेडलच्या दाबांची ठरावीक वेळेची मालिका किंवा स्कॅनर लागतो. तो वगळला तर आयडल दिवसेंदिवस वर राहू शकतं. फोक्सवॅगन समूहाच्या अनेक गाड्यांत स्कॅनरमधून थ्रॉटलचं बेसिक सेटिंग चालवावं लागतं. तुमच्याकडे तसा स्कॅनर नसेल तर तो कुठे मिळेल याची सोय सफाईच्या आधी करा.

## पायरी ८: आकडे परत बघा

वीस-तीस मिनिटं गाडी चालवा, त्यात थांबणं आणि पुन्हा निघणं बरंच होईल असा रस्ता निवडा. परत आल्यावर पायरी १ मधल्याच स्थितीत तेच दोन आकडे घ्या. थ्रॉटलची टक्केवारी आधीपेक्षा कमी आणि आयडल स्थिर असेल, तर काम झालं.

आयडल अजूनही वर असेल तर लगेच थ्रॉटल पुन्हा उतरवू नका. आधी कान लावा. पाइपाच्या जोडाजवळ किंवा ब्रीदरच्या नळीजवळ शिट्टीसारखा आवाज म्हणजे हवा चोरली जातेय. शंका असलेल्या जोडावर साबणाचं पाणी हलकेच फवारा. तिथे आयडल बदललं तर गळती सापडली. यासाठी ज्वलनशील स्प्रे गरम इंजिनावर मारण्याची सवय धोक्याची आहे. गळती नसेल तर री-लर्न पहिल्यापासून करा.

आयडल ठीक पण पी२१३५ सारखा कोड आला असेल, तर कनेक्टर काढून त्याच्या पिनांवर ओल आहे का आणि एखादी पिन वाकलीय का ते बघा.

## घाण लवकर परत आली तर

काढलेल्या घाणीचं स्वरूप लक्षात ठेवा. कोरडी, थोडी काजळी असेल तर ती नेहमीची. थर ओला आणि तेलकट असेल, पाइपातही तेल साचलं असेल, तर पीसीव्ही व्हॉल्व्ह अडकलाय का ते पाहा आणि डिपस्टिकवर तेल वरच्या खुणेच्या वर गेलंय का तेही. झडपेच्या पुढच्या बाजूला धूळ किंवा रेतीचे कण असतील तर एअर फिल्टर डब्यात नीट बसलेला नाही, किंवा त्याची कड फाटलीय. हे कण सिलिंडरच्या भिंती झिजवतात, त्यामुळे फिल्टर त्याच दिवशी बदला आणि डब्याच्या झाकणाचे सगळे चाप लागताहेत ना ते बघा.

वापरलेली कापडं बोळा करून बंद डब्यात टाकू नका. मोकळ्या हवेत पसरून, आगीपासून दूर पूर्ण वाळवा, मगच कचऱ्यात टाका.